एका गुंड्याची दोन टोकं

माझ्या वहिनीला राग येत नाही, असं आमच्या सगळ्या गोतावळ्याचं मत आहे. मी ते कधीच मानलं नाही. राग तिला येतो, फक्त तोंडावाटे बाहेर न पडता हातात उतरतो. दादा काही वेडंवाकडं बोलला की ती मुकाट्यानं विणायला बसते, आणि त्या दिवसाचे टाके इतके घट्ट येतात की त्यात सुई शिरत नाही. आई ते नुसत्या बोटांनी ओळखते. "इथं काय झालं होतं गं?" असं विचारते, आणि वहिनी म्हणते, "काही नाही आई, लोकर जाड होती."

माझं तसं नाही. मी शाळेची बस चालवते. पाठीमागे बसभर पोरं आणि पुढे वाहतूक, त्यामुळे आवाज कायम चढलेला. घरात मला भोंगा म्हणतात. दादा माझा थोरला भाऊ आणि वहिनी त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत कामाला आहे. फाटक्या चादरी शिवायच्या, गाऊनचे तुटलेले बंद लावायचे, दिवसभर पांढऱ्यावर पांढरा धागा. घरी आली की लाल नाहीतर हिरवी लोकर घेऊन बसते. डोळे धुतल्यासारखं वाटतं म्हणते.

आणि आम्ही काळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सावळे नाही, गव्हाळ नाही, 'नाकीडोळी नीटस' म्हणून वेळ मारून न्यावी असेही नाही. आमच्या पणज्यांना इथं गोदीच्या कामाला आणलं होतं. पुढे गोदी बंद पडली आणि आम्ही राहिलो. शहराच्या कडेला आमची वस्ती आहे. बाजारात एखाद्या दुकानात शिरलं की दुकानदार आमच्या मागेमागे उगाच कपाटं आवरत फिरतो, त्याची आता सवय झाली आहे.

वस्तीतल्या बायका क्रोशाचं विणकाम करतात, आणि ते शिकवायची त्यांची एक रीत आहे. पूर्वी खोल्या लहान आणि लोकर महाग. म्हणून शिकवणारी आणि शिकणारी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायच्या आणि दोघींत लोकरीचा एकच गुंडा. तो गुंडाळतानाच आतलं टोक बाहेर काढून ठेवायचं. शिकवणारीनं बाहेरच्या टोकानं विणायचं, शिकणारीनं आतल्या. आरशात बघून करावं तसं समोरचीचं बघून करायचं, त्यामुळे आमच्याकडे एक पिढी उजवी निघते आणि एक डावी. आई उजव्या हातानं विणते, तिच्याकडून शिकलेली वहिनी डाव्या. जेवायला-लिहायला मात्र तिचा उजवाच हात. गुंडा संपला की दोघींची विणकामं एकाच धाग्याच्या दोन टोकांना लटकतात. मग कात्री उचलायची ती शिकवणारीनं. तिनं मधोमध धागा तोडायचा आणि म्हणायचं, "आता तुझं." तोवर शिकणारीनं त्याला आपलं म्हणायचं नाही. मीही दोनदा बसले होते आईसमोर. दोन्ही वेळा गुंडा संपायच्या आत माझा धीर संपला.

आईनं स्वतः काढलेला एक नमुना आहे, भोवरा. मधोमध सहा खांब, म्हणजे उभे लांब टाके, आणि तिथून न थांबता, फेरा न जोडता, गोल गोल बाहेर जायचं. खांब जरा तिरके पडतात, त्यामुळे टेबलावर ठेवला तरी तो फिरतोय असं वाटतं. दादाच्या वेळी पोटुशी असताना तिला अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हा तिनं तो बसवला. वस्तीत त्याला सगळ्या आईचा भोवरा म्हणतात. आता आईच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं धुरकट दिसतं, आणि तेही कमी होत चाललंय. वहिनीनं मनाशी धरलं होतं की ते पुरतं जायच्या आत चार लोकांसमोर कुणीतरी आईचं नाव घेऊन तो भोवरा दाखवावा, आणि आईनं ते बघावं. सून सासूसाठी एवढं कशाला करते, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "माझ्या हाताला जे काही येतं ते त्यांनी दिलंय."

फोनवर विणकाम करणाऱ्यांचा एक भलामोठा ग्रुप आहे. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे लोकरताई म्हणतात. गोऱ्यापान, बोलायला लोण्यासारख्या, आणि त्यांच्या मागे हजारो बायका. वहिनीनं तिथं भोवऱ्याचा पहिला व्हिडिओ टाकला. नुसते हात आणि लोकर. पहिलीच प्रतिक्रिया आली, "छान, पण प्रकाश नीट नाही." वहिनीनं दुसऱ्या व्हिडिओला टेबललॅम्प आणला. "अजून अंधारच आहे की," कुणीतरी लिहिलं आणि पुढे हसणारे चेहरे. तिसरीनं लिहिलं, "काकू, आधी हात धुऊन या."

मी तिथंच फोन हिसकावून घेतला आणि त्या बाईला तिच्या लायकीचं उत्तर दिलं. माझं उत्तर लगेच काढून टाकलं गेलं आणि खाली ग्रुपचा नियम आला: 'इथे फक्त लोकर. राजकारण नको.' हात धुऊन यायचं राजकारण मात्र तसंच राहिलं. आजही आहे, मी अधूनमधून बघते.

मग लोकरताईंचा वहिनीला फोन आला. तुमचं काम फार गोड आहे, म्हणाल्या. लोकांचं मनावर घेऊ नका, फक्त विणताना फिकट रंगाचे हातमोजे घाला, लोकर उठून दिसते. वहिनीनं घातले. मी जन्मात विसरणार नाही ते. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच खुर्चीवर ती बदामी मोजे घालून बसली होती, आणि लोकर दर दोन खांबांमागे मोज्याच्या धाग्यात अडकत होती. आई कोपऱ्यातून म्हणाली, "आज आवाज वेगळा येतोय सुईचा." दोघींपैकी कुणीच तिला खरं सांगितलं नाही.

महिनाभरात ग्रुपवर लोकरताईंचा फोटो आला. त्यांच्या मांडीवर आईचा भोवरा, आणि खाली नाव 'रानकळी'. लवकरच विक्रीला येणार, असंही लिहिलेलं. वहिनीनं घाबरत घाबरत विचारलं तेव्हा ताई हसल्या. अहो, भोवरा हे काय नाव झालं, रानकळीत कसा जरा रानवट गोडवा आहे. आणि पुढे म्हणाल्या, आपला मोठा ऑनलाइन मेळा आहे, तिथं मी हा नमुना थेट करून दाखवणार. तुमच्या व्हिडिओवरून जमत नाही, तुमचा हात उलटा चालतो. तुम्ही समोर बसून मला करून दाखवा. शेवटची दहा मिनिटं तुमची. तुम्ही कॅमेऱ्यासमोर या आणि सगळ्यांना तुमच्या आईंबद्दल सांगा.

"सासूबाई," वहिनी म्हणाली.

"हो, तेच. तेव्हा सांगा."

मी म्हटलं, ही बाई तुला गंडवणार आहे. वहिनी म्हणाली, "गंडवलं तर गंडवलं. दहा मिनिटं तरी मिळतील." आणि तिनं आईला सांगून टाकलं की मेळा टीव्हीवर लावू, रविवारी समोर बसा, तुमचं नाव येणार आहे. आईनं दादाकडून खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढून घेतली की तिचे गुडघे टेबलाला लागत होते. केस नीट बांधले. टीव्हीतून आपणच दिसणार असल्यासारखी तयारी.

रविवारी दुपारी मी वहिनीला घेऊन गेले. लोकरताईंचं काम एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर चालतं. एका भिंतीला छतापर्यंत लोकरीची कप्प्याकप्प्यांची मांडणी, खिडक्यांना जाड पडदे, मधोमध लांब टेबल आणि त्याच्यासमोर तिकाटण्यावर कॅमेरा. टेबलावर पांढरी चिकटपट्टी मारलेली होती. ताईंची मदतनीस, चष्मा लावलेली एक घाईची बाई, आम्हाला समजावून सांगू लागली. पट्टीच्या पलीकडचं सगळं दिसतं, अलीकडचं दिसत नाही. तेव्हा तुम्ही अलीकडे बसा आणि हात पट्टीवर येऊ देऊ नका.

"आणि या कोण?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं.

"नणंद," वहिनी म्हणाली.

नणंदेला थर्माकोलचा एक पांढरा तक्ता देण्यात आला. खिडकीशी लावलेल्या दिव्याचा उजेड त्यावर घेऊन ताईंच्या हातांवर पाडायचा. म्हणजे बघा, ते गोरे हात अजून उजळावेत म्हणून मला उभं केलं होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मी तक्ता धरला.

वहिनीनं पिशवीतून लाल गुंडा काढला आणि एका वाडग्यात ठेवला. आतलं टोक ताईंना दिलं, बाहेरचं स्वतः घेतलं, कात्री मांडीवर ठेवली. "आमच्यात असंच शिकवतात," ती म्हणाली. ताईंना ते फार गोंडस वाटलं. "फक्त वाडगं फ्रेममध्ये नको," एवढंच म्हणाल्या.

थेट प्रक्षेपण सुरू झालं. बाजूच्या लॅपटॉपवर बघणाऱ्यांचा आकडा भराभर वाढत होता आणि प्रतिक्रिया सरसर वर सरकत होत्या. वहिनीनं साखळी घातली, समोर ताईंनी घातली. वहिनीनं सहा खांब घेतले, ताईंनी घेतले. ताईंची मान खाली, तोंडानं गप्पा, डोळे मात्र सगळा वेळ वहिनीच्या हातांवर. शिकायला हुशार होत्या बाई, ते नाकारत नाही. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. वाडग्यातला गुंडा इकडून तिकडून ओढ बसून जागच्या जागी डुलत होता.

"ही रानकळी मला कुठं भेटली सांगू?" ताई कॅमेऱ्याला म्हणाल्या. "असंच एकदा भटकत असताना, एका वस्तीत, दारात एक जुनं काहीतरी वाळत टाकलेलं दिसलं. अगदी ओबडधोबड. पण मला त्यात ही कळी दिसली, आणि मग मी ती फुलवली."

ताई आमच्या वस्तीत आयुष्यात कधी आलेल्या नाहीत. मी वहिनीच्या हातांकडे पाहिलं. ते थांबले नाहीत, पण खांब घट्ट पडू लागले होते. मला उभ्या जागेवरून ते कळत होतं. माझे दंड भरून आले होते आणि तोंडात शब्द नुसते उकळत होते. एक ओरड, आणि सगळा मेळा बंद. पण मग वहिनीची दहा मिनिटंही गेली असती. त्या दहा मिनिटांसाठी मी जीभ दाताखाली धरून उभी राहिले.

भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. ठरलेली वेळ आली, आणि ताई पुढचा फेरा समजावत राहिल्या. वहिनीनं एकदा मान वर करून घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मदतनीस वाकत वाकत आली आणि तिनं वहिनीसमोर कागद धरला. मलाही तो वाचता आला. 'आज वेळ पुरत नाही. पुढच्या वेळी नक्की.'

वहिनीनं वाचलं, मान हलवली आणि विणत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. घरी आई गुडघे टेबलाला लावून बसली असेल, हे तिलाही दिसत असणार. मला तर इतकं लख्ख दिसलं की रडूच आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मग गुंडा संपला. वाडग्यात तो आधी सैल झाला, कोसळला, आणि शेवटचा वेढा उचलला गेला. आता एकच धागा होता. ताईंच्या भोवऱ्यातून निघायचा, पांढरी पट्टी ओलांडायचा आणि वहिनीच्या सुईला यायचा. लॅपटॉपवर कुणीतरी विचारलं, 'ताई, धागा कुठं चाललाय?'

ताईंनी ते वाचलं नाही. त्यांनी सुई काढून बाजूला ठेवली, भोवरा मधोमध चिमटीत धरून कॅमेऱ्यासमोर उंच केला आणि म्हणाल्या, "आणि ही झाली आपली रानकळी. आता फक्त धागा कापायचा." हसत हसत त्यांनी दुसरा हात पट्टीच्या अलीकडे, वहिनीपुढे पसरला. कात्रीसाठी.

क्रोशात सुई काढली की शेवटचा फास उघडा राहतो. तो अडकवून न ठेवता कुणी धागा ओढला तर टाके एकामागून एक सुटत जातात. हे मलासुद्धा माहीत आहे.

वहिनीनं कात्री दिली नाही. तिनं धागा ओढलाही नाही. तिनं पुढचा खांब घातला. खांबाला धागा लागतो. तो समोरून आला. मग आणखी एक घातला. ताईंच्या हातातल्या भोवऱ्याच्या कडेचा एक खांब सुटला, त्याच्या शेजारचा सुटला, आणि कड सरसर मागे फिरू लागली. ताई कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, हात तसाच पसरलेला. वहिनीचा भोवरा वाढत होता आणि त्यांचा उतरत होता. लॅपटॉपवर प्रतिक्रियांचा पाऊस सुरू झाला तेव्हा कुठे ताईंनी हातात पाहिलं. अर्धा राहिला होता.

त्यांनी मूठ आवळली. धागा तारेसारखा ताठ झाला. "सोडा," त्या हसणं न सोडता, दातांतून म्हणाल्या. "अहो, सोडा ना."

"शेवटची दहा मिनिटं माझी होती, ताई," वहिनी म्हणाली.

आणि ती पुढे वाकली. तिचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीवरून पलीकडे गेले. मी तेव्हा काही ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण माझ्या हातातला तक्ता वळला आणि सगळा उजेड त्या काळ्या हातांवर पडला. डाव्या हातात सुई, उजव्यात धागा. मोजे नाहीत. एवढ्या लोकांसमोर एका बाईशी रस्सीखेच खेळणं ताईंना शोभणार नव्हतं, म्हणून त्यांची मूठ सैल झाली. वहिनी तिथंच, त्यांच्या टेबलावर, विणत राहिली. शेवटी ताईंच्या चिमटीत मधले सहा खांब उरले, नखाएवढे. मग वहिनीनं कात्री उचलली आणि धागा तोडला. 'आता तुझं' हे दोन शब्द ती बोलली नाही. मागे कॅमेऱ्याकडे वळून तिनं सांगितलं, "हा माझ्या सासूबाईंचा भोवरा आहे."

माझी शाळेची बस आम्ही खाली लावली होती. आत बसताच मी जो भोंगा वाजवला तो पहिल्या चौकापर्यंत सोडलाच नाही. वहिनी एकच गोष्ट विचारत होती, "ऐकलं असेल ना त्यांनी?" मी म्हटलं, अख्ख्या जगानं ऐकलं.

दार दादानं उघडलं. त्याचा चेहरा बघूनच माझं अवसान गेलं. "आवाज नव्हता," तो म्हणाला. "ती बाई मूठ आवळून बसली ना, तिथपासून आवाज बंद केला त्यांनी. मग चित्रही गेलं."

वहिनी दारातच उभी राहिली. तिच्या हातातला फोन दोनदा वाजला. ग्रुपमधून तिला काढलं होतं, आणि नियम तोच, राजकारण नको. माझ्या फोनवर ग्रुप अजून दिसत होता; तिथं लोकरताईंनी लिहिलं होतं की ज्यांना आपण मोठ्या मनानं जवळ करतो तेच असे उलटतात. खाली शेकडो बायका ताईंची समजूत काढत होत्या. रानकळी त्याच आठवड्यात विक्रीला आली आणि धडाक्यात खपली, हेही सांगून ठेवते, कारण ते खरं आहे.

"आधी लाल होतं," आई खुर्चीवरून म्हणाली. तिनं अजून खुर्ची हलवली नव्हती. "मग लाल कमी कमी होत गेलं. मग दोन काळे हात आले. सुई डाव्या हातात होती."

"हो आई," वहिनी म्हणाली.

"आण इकडे."

वहिनीनं भोवरा तिच्या हातात दिला. आईची बोटं मधल्या सहा खांबांवरून निघाली आणि फेऱ्याफेऱ्यानं बाहेर सरकू लागली. एका जागी थांबली. "इथं घट्ट आलंय." अजून पुढे गेली आणि परत थांबली. तिनं कडेची लोकर दोन बोटांत चोळून पाहिली. "इथून लोकर वळ्या पडलेली आहे. ही आधी कुणीतरी विणलेली."

"ताईंच्या हातातली. परत घेतली."

"धागा कुणी तोडला?"

"मीच."

"आणि 'आता तुझं' म्हणालीस?"

"ते नाही म्हटलं."

आई बराच वेळ ती वळ्या पडलेली लोकर चाचपत राहिली. मग म्हणाली, "शेवटी तू तोंड हलवत होतीस. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही."

वहिनीनं ते सांगितलं, पण हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली. तिचे कान अगदी शाबूत आहेत.

तेव्हा वहिनी ओरडली. माझी वहिनी, जिला राग येत नाही, ती खोलीच्या मधोमध उभी राहून, मुठी आवळून, घशाच्या शिरा ताणून ओरडली की हा माझ्या सासूबाईंचा भोवरा आहे. शेजारच्यांनी भिंत ठोकली. आईनं भोवरा मांडीवर नीट पसरला आणि तिला आणखी एकदा म्हणायला लावलं.